कडू किती, तुरट किती: क्राफ्ट आयपीए चाखण्याची आणि तोलण्याची रीत

इंडिया पेल एल, म्हणजेच आयपीए ही बिअर, पहिल्यांदा पिणाऱ्या बहुतेकांचा शेरा एका शब्दात आटोपतो: ‘कडू’. शेरा खोटा नसला तरी तो अपुरा आहे, आणि का अपुरा आहे हे मराठी वाचकाला सांगणे सोपे आहे, कारण आपल्याकडे कडू आणि तुरट या दोन निराळ्या चवी मानल्या जातात आणि षड्रसांत दोघींना स्वतंत्र जागा आहे. कारले कडू असते, सुपारी तुरट असते. मेथीची भाजी कडसर लागते, तर कच्चे केळे जीभ आवळून धरते. आयपीए तोलताना हाच भेद सर्वांत जास्त उपयोगी पडतो. चांगल्या आयपीएत कडूपणा भरपूर असू शकतो, फक्त तो स्वच्छ असावा आणि वेळेवर संपावा. तुरटपणा ठळकपणे जाणवू लागला, तर मात्र कुठेतरी बिघाड झाला आहे असे समजून शोध घ्यावा.

चाखण्यापूर्वी समोरची आयपीए कोणत्या घराण्याची आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण एका घराण्याचा गुण दुसऱ्या घराण्यात दोष ठरतो. नावातल्या ‘इंडिया’मागे खरा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेकडील बो या भागातल्या जॉर्ज हॉजसनच्या ब्रुअरीतली फिकट एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या बंदरांत उतरत असे, आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालणारा तो प्रवास चार ते सहा महिने चाले. हॉजसनने ही बिअर खास हिंदुस्थानच्या सफरीसाठी शोधून काढली, ही गोष्ट मात्र दंतकथाच म्हणावी लागेल. जास्त हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले) घातलेली, मुरवत ठेवायची फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होत होती. पुढे १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या ऑलसॉप आणि बास या ब्रुअरींनी हा व्यापार हाती घेतला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर असल्यामुळे तिथल्या बिअरचा कडूपणा कोरडा आणि टोकदार लागे, आणि पाण्यात सल्फेट वाढवण्याची ती युक्ती ब्रुअर आजही वापरतात.

आज पुण्या-मुंबईत ग्लासात जी आयपीए येते तिचे कूळ बहुधा अमेरिकन असते. १९७२ साली अमेरिकेत कॅस्केड नावाचा हॉप्सचा वाण लागवडीसाठी खुला झाला आणि १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने त्याच वाणावर लिबर्टी एल काढली; पपनसाच्या सालीसारखा तो वास पुढे सगळ्या अमेरिकन घराण्याची ओळख झाला. त्यानंतर व्हरमाँट राज्यातल्या द अल्केमिस्ट या ब्रुअरीच्या हेडी टॉपरपासून गढूळ, रसाळ आणि कमी टोकदार आयपीएची लाट आली, जिला न्यू इंग्लंड किंवा ‘हेझी’ आयपीए म्हणतात. बिअरच्या परीक्षकांची बीजेसीपी ही संस्था जी मार्गदर्शक तत्त्वे वापरते, त्यांत अमेरिकन आयपीएसाठी ५.५ ते ७.५ टक्के अल्कोहोल आणि ४० ते ७० आयबीयू (हे कडूपणाचे माप) अशी मर्यादा आहे. हेझीसाठी ६ ते ९ टक्के आणि २५ ते ६० आयबीयू. डबल आयपीएसाठी ७.५ ते १० टक्के आणि ६० ते १०० आयबीयू. इंग्लिश आयपीए ५ ते ७.५ टक्क्यांची असते आणि तिच्यात बिस्किटासारख्या माल्टला (मोड आणून वाळवलेल्या धान्याला) व माती-गवत-फुलांच्या मंद वासाला मान असतो. आयबीयूच्या आकड्याला मात्र फार भुलू नये. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम कडू आम्ल. ते जिभेला किती जाणवेल हे माल्टचा गोडवा, पाणी आणि तापमान यांवर ठरते. साठ आयबीयूची गोडसर बिअर चाळीसच्या कोरड्या बिअरपेक्षा सौम्य लागणे अगदी शक्य आहे.

तयारी

ज्या खोलीत नुकतीच कांद्याची फोडणी बसली आहे, उदबत्ती जळते आहे किंवा कुणी अत्तर लावून बसले आहे, तिथे आयपीए चाखू नये. अर्धी परीक्षा नाकाची असते. पान, तंबाखू, पुदिन्याची गोळी आणि तिखट चकणा हे सर्व नंतरसाठी राखून ठेवावे. दोन घोटांच्या मध्ये जीभ साफ करायला साधे पाणी आणि बिनमिठाचा पाव पुरतो. शेंगदाणे, चिवडा किंवा खारी चालणार नाही, कारण तेल-तूप जिभेवर थर धरते आणि ओठांवरून ग्लासात उतरून फेसही मारते.

ग्लास स्वच्छ असणे म्हणजे नुसता चकचकीत असणे नव्हे. धुतलेला ग्लास आतून पाण्याने विसळावा. पाणी सलग पडद्यासारखे ओघळले तर ग्लास स्वच्छ, थेंब-थेंब होऊन अडकले तर आत तेलाचा अंश आहे. बिअर ओतल्यावर काचेच्या आतील बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर तीही मळाचीच खूण असते. आकार वर निमुळता होत जाणारा असावा, म्हणजे वास कोंडून राहतो. ट्युलिपच्या आकाराचा ग्लास नसल्यास वाइनचा ग्लास उत्तम काम देतो. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवून त्यावर बर्फ धरवण्याची पद्धत लोकप्रिय आहे आणि परीक्षेसाठी निरुपयोगी आहे, कारण अतिथंड बिअरला वासच येत नाही. आयपीए साधारण ७ ते १० अंश सेल्सिअसवर बोलू लागते. फ्रिजमधून काढून थंडीच्या दिवसांत दहा मिनिटे थांबावे. मे महिन्यात पाच मिनिटेही पुरतात.

कॅन किंवा बाटली असेल तर भरल्याची तारीख आधी वाचावी. इथे एक गंमत आहे: जिच्या पूर्वजांनी सहा-सहा महिने जहाजात काढले, ती आजची आयपीए जितकी ताजी तितकी चांगली. हॉप्सचे सुगंध सर्वांत आधी उडतात, त्यामुळे हेझी आयपीए दीड-दोन महिन्यांत आणि अमेरिकन आयपीए तीन महिन्यांत प्यायलेली बरी, तीही सतत थंड ठेवलेली असेल तरच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्रकमध्ये आणि दुकानाच्या मागच्या खोलीत एखाद्या कॅनने काय सोसले हे कळायला मार्ग नसतो. म्हणून जिथे बिअर बनते तिथेच ती चाखण्यात शहाणपण आहे, आणि २००९ मध्ये पुण्यात डूलालीपासून मायक्रोब्रुअरींचे पर्व सुरू झाल्यापासून ही सोय महाराष्ट्रात झाली आहे.

एका बैठकीत चारपाच नमुन्यांच्या पुढे जाऊ नये आणि प्रत्येकाचे ६० ते ९० मिलिलिटर पुरे. क्रम सौम्याकडून जहालाकडे असावा. डबल आयपीए आधी घेतली तर पुढची प्रत्येक बिअर पाणचट वाटेल आणि दोष त्या बिअरचा नसेल. घरी परतताना वाहन चालवायचे नाही, हे बैठकीआधीच ठरवून घ्यावे.

आधी नाक

ग्लास तिरपा धरून ओतायला सुरुवात करावी आणि शेवटी सरळ करावा, म्हणजे दोन बोटे फेस येतो. ओतताच, रंगरूप न्याहाळत बसण्याआधी, वास घ्यावा, कारण काही गंध पहिल्या मिनिटभरातच उडून जातात. आधी दोन-तीन छोटे हुंगे घ्यावेत, मग एक लांब. नंतर ग्लासवर तळहात ठेवून बिअर हळूच गोल फिरवावी, हात काढावा आणि पुन्हा हुंगावे. नाक थकले असे वाटल्यास स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा. परिचित वासाने नाक पुन्हा जागेवर येते.

आता या वासाला नाव द्यायचे आहे, आणि इथे बहुतेक जण अडखळतात, कारण परदेशी वर्णनांत ज्या फळांची नावे असतात ती आपण क्वचितच खाल्लेली असतात. ज्याने ब्लॅककरंट कधी हुंगले नाही त्याने ब्लॅककरंट लिहू नये. आपल्या बाजारातली आणि स्वयंपाकघरातली नावे पुरेशी नेमकी आहेत. कॅस्केड आणि सेंटेनिअल या वाणांत पपनसाची साल आणि मोसंबीचा पांढरा गर सापडतो. सिट्रामध्ये पिकलेला आंबा, लिची आणि लिंबाची साल असते. सिमकोमध्ये चिडाची राळ, ओले लाकूड आणि कधी किंचित कांदा. मोझेइकमध्ये जांभूळ-करवंदाच्या जवळ जाणारा गडद फळांचा वास. न्यूझीलंडच्या नेल्सन सॉविनमध्ये हिरवी द्राक्षे. काही आयपीएत पेरूचा वास इतका स्पष्ट येतो की आत पेरू घातला असावा असे वाटते. तसे नसते: पेरूत आणि काही हॉप्समध्ये गंधकयुक्त संयुगांचे एकच कूळ आढळते, नाक फसलेले नसते. आंब्याचा वास आला तर तिथेही न थांबता विचारावे की तो पिकलेल्या हापूसचा आहे, कैरीचा आहे, की आंब्याच्या डेखाजवळच्या चिकाचा. अतिपिकलेल्या, आंबू लागलेल्या फळाचा वास येत असेल तर ती बिअर ताजी नसण्याची शक्यता आहे. गवती चहा, धने, हिरवी मिरची, ओले गवत, चंदन, ऊद, लसूण: जे आठवेल ते लिहावे, मात्र आठवले नाही तर बनवून लिहू नये. दोनच वास ओळखता आले तरी ते खरे असले पाहिजेत.

हॉप्सच्या मागे माल्ट असतो. तो भाजलेल्या पावासारखा, मारी बिस्किटासारखा किंवा हलक्या मधासारखा यावा. काकवीसारखा किंवा टॉफीसारखा जड गोड वास अमेरिकन आयपीएत आला तर ब्रुअरचा हात जड पडला आहे, किंवा बिअर म्हातारी होत चालली आहे.

रूप पाहायला अर्धे मिनिट पुरते. रंग सोनेरीपासून तांबूस केशरीपर्यंत चालतो, हेझी मात्र फिकट पिवळ्या पन्ह्यासारखी असावी. अमेरिकन आयपीए स्वच्छ किंवा किंचित धूसर, हेझी गढूळ. पण गढूळ म्हणजे तळाशी साका बसलेली नव्हे. फेस पांढरा आणि दाट असावा आणि बिअर खाली जाईल तशी काचेवर त्याची जाळी राहावी. हेझी आयपीए करडी किंवा जांभळट-तपकिरी दिसू लागली असेल तर तिला हवा लागली आहे, आणि पुढची चव काय असेल याचा अंदाज इथेच बांधता येतो.

मग जीभ

पहिला घोट कशाचाही निवाडा न करता घ्यावा; तो जिभेला सावध करण्यासाठी असतो. दुसरा घोट पुरेसा मोठा घेऊन तोंडभर फिरवावा आणि गिळावा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणारे गिळतात, कारण कडूपणा घशाकडे आणि गिळल्यानंतर पूर्ण उमगतो. गिळताच तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा; ग्लासातून न मिळालेले गंध या उलट्या वाटेने वर येतात, आणि नाकाला लागलेला आंबा जिभेवरही आहे की नुसता वासापुरताच होता, हे इथे कळते.

यानंतरचे काम घड्याळाचे आहे. गिळल्यापासून मनात वीसपर्यंत मोजावे आणि कडूपणा कसा चढतो, कुठे टिकतो, कसा उतरतो याकडे लक्ष द्यावे. चांगल्या अमेरिकन आयपीएत तो लगेच वर येतो, ठाम राहतो आणि मग कोरडी, स्वच्छ जागा सोडून मागे हटतो. तोंडाला पुढचा घोट हवासा वाटतो. वाईट आयपीएत तो औषधी गोळी विरघळल्यासारखा जिभेच्या मागे चिकटून बसतो. गुढीपाडव्याला चावलेले कडुलिंबाचे पान आठवावे: गूळ-ओव्याबरोबर घेतले की त्याचा कडूपणा बांधलेला असतो, नुसते चावले की तो पाठ सोडत नाही. आयपीएत गुळाचे काम माल्ट करतो. तो पुढे येऊ नये, पण त्याच्यावाचून कडूपणा उघडा पडतो.

आणि मग तुरटपणा. तो चव म्हणून शोधू नये, स्पर्श म्हणून शोधावा: गिळल्यावर जीभ टाळूला घासून पाहावी. ती खरखरीत लागली, गालांच्या आतली कातडी आवळल्यासारखी झाली, आवळा किंवा कच्चे जांभूळ खाल्ल्यानंतर होते तसे वाटले, तर तो तुरटपणा आहे. धान्याच्या टरफलांतून जास्त गरम किंवा जास्त पाण्याने द्रव्ये ओढली गेली, अथवा थंड बिअरमध्ये हॉप्स फार काळ भिजत राहिले, तर हा दोष येतो. नुकत्याच भरलेल्या हेझी आयपीएत हॉप्सचा बारीक चुरा तरंगत राहिल्याने घशाला मिरपुडीसारखी चुरचुर होते. आठवडाभर थंडीत ठेवल्यावर ती पुष्कळदा खाली बसते, म्हणून अशा बिअरला लगेच नापास करू नये.

कडूपणा आणि सुगंध दोन्ही हॉप्सचे असले तरी ते वेगवेगळ्या वेळी येतात. हॉप्समधली अल्फा आम्ले उकळीत रूप बदलून कडू होतात, तर सुगंधी तेले त्याच उकळीत उडून जातात. म्हणून कडूपणासाठी हॉप्स आधी टाकतात आणि वासासाठी शेवटी, किंवा आंबवण्याच्या टाकीत थंडपणे, ज्याला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात. एखाद्या आयपीएला नाकात बाग आणि जिभेवर काहीच नाही, किंवा जिभेवर कारले आणि नाकात काहीच नाही, असे झाले तर या दोन टप्प्यांपैकी एकावर ब्रुअरचा हात आखडला आहे असे नेमकेपणाने लिहिता येते.

अंगाच्या बाबतीत हेझी मऊ आणि भरीव लागावी, कारण तिच्यात ओट्स किंवा गहू असतो आणि पाण्यात क्लोराइड जास्त ठेवलेले असते. अमेरिकन आयपीए मध्यम अंगाची आणि कोरडी असावी. अल्कोहोलची ऊब डबल आयपीएत क्षम्य आहे, जळजळ कशातच नाही.

दोष ओळखणे

पुण्याजवळच्या एका पबमध्ये मला मिळालेल्या आयपीएला थिएटरातल्या बटर पॉपकॉर्नचा स्पष्ट वास येत होता, आणि वाढणाऱ्या मुलाने अत्यंत नम्रपणे सांगितले की आयपीए अशीच असते. ती तशी नसते. तो डायअसिटिल या लोण्यासारख्या वासाच्या संयुगाचा वास होता. यीस्टला आपले काम पूर्ण करायला वेळ न देता बिअर थंड केली की तो राहतो, आणि ड्राय हॉपिंगनंतरही तो नव्याने उपजू शकतो: हॉप्समधली विकरे उरलेल्या शर्करा फोडतात, यीस्ट पुन्हा जागे होते आणि त्याच्या मागोमाग डायअसिटिल येते. इंग्लिश आयपीएत त्याची अगदी पुसट छटा चालवून घेतात, अमेरिकनमध्ये नाही.

उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर उकळी अपुरी पडली आहे. हिरव्या सफरचंदाचा किंवा चिरलेल्या कच्च्या भोपळ्याचा वास म्हणजे बिअर कोवळीच बाहेर काढली. लवंगेचा वास गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये शोभतो, इथे तो परक्या यीस्टचा घुसखोर समजावा. बँडेज किंवा दवाखान्याचा वास पाण्यातल्या क्लोरीनकडे बोट दाखवतो. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास म्हणजे हॉप्सच शिळे. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला ऊन लागले की कडू आम्लांवर प्रकाशाची क्रिया होऊन जळक्या रबरासारखा, उग्र प्राण्यासारखा वास येतो, आणि त्यासाठी भर उन्हात काही मिनिटेही पुरतात. सर्वांत जास्त वेळा भेटणारा दोष मात्र शिळेपणाचा आहे: आधी सुगंध गप्प होतो, मग मधासारखी गोडी पुढे येते, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा, माळ्यावरच्या जुन्या वह्यांचा वास उरतो.

गुण देणे

बीजेसीपीची परीक्षा पन्नास गुणांची असते: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण प्रभावाला १०. रूपाला फक्त तीन गुण आहेत हे लक्षात ठेवावे, कारण सुंदर फेस पाहून आपण नकळत पुढेही उदार होतो. ४५ आणि त्यावर अपवादात्मक, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० जेमतेम, आणि त्याखाली बिअर सदोष मानतात. नवशिक्याने सुरुवातीला दर्जाची जागा ठरवावी आणि मग गुण भरावेत; उलट केल्यास बेरीज भलतीकडे जाते. वैयक्तिक आवड आणि घराण्याशी इमान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मला गोडसर आयपीए आवडत नाही, हा माझ्या जिभेचा प्रश्न आहे. इंग्लिश आयपीए अमेरिकनसारखी कोरडी नाही म्हणून तिचे गुण कापणे हा अन्याय आहे.

शेरा कसा असावा याचा एक नमुना: ‘वास: पपनसाची साल ठळक, मागे चिडाची राळ, माल्ट बिस्किटासारखा पुसट; दोष नाही. ९. रूप: तांबूस सोनेरी, किंचित धूसर, फेस टिकाऊ. ३. चव: कडूपणा लगेच चढतो, मोजून बारापर्यंत टिकतो, राळ पुढे, फळ मागे, शेवट थोडा तुरट. १४. स्पर्श: मध्यम अंग, टाळूला हलकी खरखर. ३. एकूण: सुगंध उत्तम, टाकीतले हॉप्स एक-दोन दिवस आधी काढले असते तर तुरटपणा टळला असता. ७.’ बेरीज ३६. अशा शेऱ्यातून ब्रुअरला काय करायचे ते कळते. ‘छान आहे, जरा कडू’ या शेऱ्यातून काहीच कळत नाही.

सगळे नमुने संपल्यावर प्रत्येकाचा एक घोट ग्लासात शिल्लक ठेवावा आणि वीस मिनिटांनी, बिअर खोलीच्या तापमानाला आल्यावर, पुन्हा हुंगावा. थंडीमुळे दबलेले लोणी आणि पुठ्ठा आता उघड होतात, आणि पुष्कळदा पहिला क्रमांक बदलतो.

सरावासाठी एकाच तारखेचे तीन कॅन घ्यावेत. दोन फ्रिजमध्ये ठेवावेत आणि एक स्वयंपाकघराच्या फडताळात महिनाभर विसरून जावा. महिन्यानंतर तोही थंड करावा, आणि घरातल्या कुणाला तरी तिन्ही बिअर सारख्या ग्लासांत, क्रम न सांगता, ओतायला लावाव्यात. तिघींतली वेगळी कोणती ते ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येतेच, म्हणून ग्लासांची अदलाबदल करून हा खेळ निदान पाच-सहा वेळा करावा, आणि दरवेळी वेगळेपण कशावरून कळले ते एका शब्दात लिहून ठेवावे.